वर्डमध्ये ऑटोकॅड-व्हिजिओच्या आकृत्या टाकल्यावर फाइल फुगते, त्याचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल युनिटचा ८६ पानांचा प्रकल्प अहवाल वर्डमध्ये तयार केलाय. त्यात ऑटोकॅडमधला कारखान्याचा आराखडा आणि विजेची सिंगल लाइन आकृती आहे, व्हिजिओमधला प्रक्रियेचा फ्लोचार्ट आहे, ड्रॉ-आयओ या आकृत्या काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढलेली ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) आकृती आहे, शिवाय एक्सेलचे आलेख, जॅकार्डच्या (मागावर विणायच्या नक्षीच्या) डिझाइनची चित्रं आणि जागेचे फोटो. फाइल झाली १६४ एमबी. बँकेच्या मेलला १० एमबीची मर्यादा. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' करून पाहिलं, फरक जवळजवळ नाही. मग सगळ्या आकृत्यांचे स्क्रीनशॉट घेऊन लावले. फाइल लहान झाली, पण छापल्यावर अक्षरं वाचता येईनात.

इथे मूळ अडचण 'चित्रं मोठी आहेत' ही नाही. वर्डमध्ये तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी शिरल्या आहेत आणि तुम्ही तिघांना एकच औषध देताय. पहिली जात म्हणजे जिवंत ऑब्जेक्ट, ज्यावर डबल-क्लिक केलं की ऑटोकॅड किंवा एक्सेल उघडतं. दुसरी, रेषांचं चित्र, म्हणजे ईएमएफ किंवा एसव्हीजी. तिसरी, ठिपक्यांचं चित्र, म्हणजे पीएनजी, जेपीजी, बीएमपी. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' फक्त तिसऱ्या जातीवर चालतं. तुमचं वजन बहुधा पहिल्या दोन जातींत आहे, म्हणून बटण दाबूनही काही हललं नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवा. बँकेला वर्डची फाइल हवी आहे की पीडीएफ? पुढे अहवालात दुसरं कोणी आकृत्या बदलणार आहे का? अहवाल छापला जाणार की पडद्यावरच वाचला जाणार? आणि तुमचं वर्ड कोणतं आहे? वर्ड २०१९ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ एसव्हीजी घेतात. एकरकमी विकत घेतलेलं २०१६ किंवा त्याआधीचं घेत नाही, तिथे ईएमएफ वापरावं लागतं. खाली मी असं धरून चाललोय की बँकेला पीडीएफ चालेल, वर्डची फाइल तुमच्याकडेच राहील आणि अहवाल ए-फोरवर छापला जाईल.

आधी वजन कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. डॉकएक्स फाइल म्हणजे आतून एक झिप पेटी असते. अहवालाची एक प्रत करा, त्या प्रतीवर राइट-क्लिक करून सेव्हन-झिप या झिप उघडायच्या प्रोग्रॅममध्ये 'ओपन आर्काइव्ह' करा, किंवा नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर आहे, त्यात 'मीडिया' आणि 'एम्बेडिंग्ज' असे दोन फोल्डर दिसतील. 'एम्बेडिंग्ज'मध्ये जिवंत ऑब्जेक्ट असतात: एक्सेलच्या अख्ख्या वर्कबुका, व्हिजिओच्या फायली, आणि ऑटोकॅडसारख्या इतर प्रोग्रॅमच्या 'ओएलई-ऑब्जेक्ट' नावाच्या बिन फायली. 'मीडिया'मध्ये चित्रं असतात. दोन्हीकडे आकारमानानुसार क्रम लावा. बहुतेक फुगलेल्या अहवालांत पाच-सहा फायलीच बहुतांश जागा खाऊन बसलेल्या असतात, आणि त्या कोणत्या हे नावावरून आणि जातीवरून लगेच कळतं. हे पाहिल्याशिवाय एकही आकृती बदलू नका, नाहीतर शंभर केबीच्या चित्रांवर दुपार जाईल आणि ४० एमबीचा ऑब्जेक्ट तसाच राहील.

सेव्हन-झिपमध्ये आकाराचे दोन रकाने असतात, मूळ आकार आणि दाबलेला आकार. दोन्ही बघा. ईएमएफ फायली दाबल्या की खूप लहान होतात. मुळात ४० एमबीची ईएमएफ पेटीत ५-६ एमबीची दिसू शकते. पण वर्डला ती पूर्ण उलगडूनच दाखवावी लागते. फाइल फार मोठी नसूनही ठराविक पानावर वर्ड अडकत असेल, तर कारण हेच. आणि डॉकएक्स मुळात दाबलेलीच असल्यामुळे तिची पुन्हा झिप करून काही मिळत नाही, तो प्रयत्न सोडून द्या.

आता जिवंत ऑब्जेक्ट. ऑटोकॅडचं ड्रॉइंग 'इन्सर्ट, ऑब्जेक्ट, क्रिएट फ्रॉम फाइल' असं आणलं की अख्खी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) अहवालात जाऊन बसते. त्यात न वापरलेले ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायचे तयार आकार), लेयर (आकृतीचे थर), बाजूला काढून ठेवलेले जुने पर्याय, सगळं असतं. वर तिची झलक दाखवणारं एक ईएमएफ वेगळं. म्हणजे एका आकृतीचं ओझं दोनदा. तोच ऑब्जेक्ट तीन प्रकरणांत चिकटवला तर पूर्ण फाइल तीनदा. इतकं करून फायदा काय? समोरच्याकडे ऑटोकॅड नसेल तर त्याला ती उघडता येत नाही, असलं तरी बाह्य संदर्भ म्हणून जोडलेली ड्रॉइंग सोबत आलेली नसतात. बँकेला पाठवायच्या अहवालात एकही जिवंत ऑब्जेक्ट असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्सेलच्या बाबतीत तर आकारापेक्षा मोठा धोका आहे. चार ओळींचा तक्ता 'पेस्ट स्पेशल'मधून वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून चिकटवला, तरी पूर्ण वर्कबुक आत जाते. वाचणाऱ्याने डबल-क्लिक केलं की खाली सगळ्या शीट दिसतात: पगार, यार्न पुरवठादारांचे दर, नफ्याचं गणित, मालकाने तात्पुरतं मांडलेलं काहीही. दर गुप्त ठेवायचे म्हणून अहवालातून वगळलेलं पान असं मागच्या दाराने बँकेकडे जातं. तक्ता असेल तर सरळ वर्डचा तक्ता म्हणून चिकटवा. आलेख असेल तर ईएमएफ चित्र म्हणून. आलेख पुढे बदलावा लागणार असेल, तर एक नवी कोरी वर्कबुक घ्या, तिच्यात फक्त त्या आलेखाचे आकडे 'व्हॅल्यूज' म्हणून न्या, तिथे आलेख काढा आणि तो वर्डमध्ये आणा. मग आत गेलेली वर्कबुक काही केबीचीच असते. एक्सेलमधून आलेख साधा चिकटवला तर नव्या वर्डमध्ये तो मूळ फाइलशी लिंक होतो, हेही लक्षात असू द्या. पेस्टच्या छोट्या चौकोनातून योग्य पर्याय निवडावा लागतो.

आधीच चिकटवलेले ऑब्जेक्ट चित्रात बदलायला प्रत्येक वेळी मूळ प्रोग्रॅम उघडायची गरज नाही. ऑब्जेक्ट मजकुराच्या ओळीत आहे ना बघा, नसेल तर 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट' करा. मग फक्त तो एक ऑब्जेक्ट निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ-नाइन दाबा. डबल-क्लिकने प्रोग्रॅम उघडणं बंद होतं, उरतं ते नुसतं चित्र, आणि सेव्ह केल्यावर 'एम्बेडिंग्ज'मधली फाइल निघून जाते. पण कंट्रोल-ए करून अख्ख्या अहवालावर ही कळ कधीच दाबू नका: अनुक्रमणिका, आकृत्यांचे क्रमांक, 'आकृती ४.२ पाहा' असे संदर्भ हे सगळे फील्ड, म्हणजे वर्ड आपोआप भरतं तो मजकूर, असतात, तेही मरून साधा मजकूर होतात. दुसरी वाट म्हणजे ऑब्जेक्ट कट करून त्याच जागी कंट्रोल-ऑल्ट-व्ही, आणि यादीतून 'पिक्चर, एनहान्स्ड मेटाफाइल'. त्या यादीत 'बिटमॅप' किंवा 'डिव्हाइस इंडिपेंडंट बिटमॅप' दिसेल, ते टाळा. पडद्यावर जेवढे ठिपके आहेत तेवढेच त्यात येतात, आणि छापताना तेच तुमच्या पुसट स्क्रीनशॉटसारखं दिसतं.

एक सूक्ष्म गोष्ट: 'ट्रॅक चेंजेस' चालू असताना ऑब्जेक्ट पुसला, तर तो दिसत नसला तरी फाइलमध्येच असतो. बदल स्वीकारल्याशिवाय वजन उतरत नाही. सगळं पुसूनही आकडा तसाच दिसला तर आधी हे तपासा.

इथपर्यंत केलं की १६४ एमबीतला मोठा वाटा उतरायला हवा. ऑटोकॅडच्या आराखड्याचं वजन मात्र अजून राहील, कारण ईएमएफ करूनही तो जड असतो. ईएमएफमध्ये प्रत्येक रेषा वेगळी नोंदलेली असते. शेडच्या जमिनीला, भिंतींना दाट हॅच (जागा भरणाऱ्या बारीक रेषांची जाळी) भरलेला असेल, प्रत्येक लूमचा ब्लॉक नटबोल्टपर्यंत काढलेला असेल आणि असे ४८ लूम मांडलेले असतील, तर लाखभर रेषा सहज होतात. सोळा सेंटिमीटरच्या आकृतीत त्या दिसत नाहीत, नुसता काळा पट्टा होतो. तरी फाइलमध्ये त्या सगळ्या असतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाचनीयतेचा आहे, आणि तो ठिपके वाढवून सुटत नाही. ए-वन कागद ८४१ मिलिमीटर लांब असतो. तो ए-फोरच्या सुमारे १६० मिलिमीटर रुंदीत बसवला की सगळं ०.१९ पट होतं. ड्रॉइंगमध्ये २.५ मिलिमीटर उंचीची अक्षरं असतील तर ती अर्धा मिलिमीटरही उरत नाहीत. कितीही उत्तम प्रतीचं चित्र करा, अर्ध्या मिलिमीटरचं अक्षर डोळ्याला दिसणार नाही. लोक इथेच चुकीच्या दिशेने जातात: अक्षर दिसत नाही म्हणून रिझोल्युशन वाढवतात, फाइल फुगते, अक्षर तसंच अदृश्य राहतं.

म्हणून अहवालासाठी आराखड्याची वेगळी, सोपी आवृत्ती काढावी. ड्रॉइंगची प्रत करा. 'पर्ज'ने न वापरलेलं सगळं काढा. कमांड लाइनवर आधी वजाचं चिन्ह लावून पर्ज द्या आणि 'रेगॲप्स' निवडा, कारण दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधून चिकटून आलेल्या या नोंदी साध्या खिडकीतून जात नाहीत. 'ऑडिट' चालवा. 'ओव्हरकिल'ने एकावर एक पडलेल्या रेषा काढा. मग हॅच, फर्निचर, बारीक मापं, ग्रिड यांचे लेयर फ्रीझ करा. लूमच्या तपशीलवार ब्लॉकऐवजी साधा आयत आणि त्यात क्रमांक पुरतो. बँकेच्या माणसाला वार्पिंग कुठे, विणकाम कुठे, डाइंग आणि शिवण कुठे, माल कुठून येतो आणि कुठून जातो एवढंच बघायचं असतं. नवं लेआउट उघडून कागदाचा आकारच १६० बाय ११० मिलिमीटर ठेवा. त्या लेआउटमध्ये अक्षरं २ मिलिमीटर उंचीची लिहा, मराठी असतील तर २.५, कारण मात्रा-वेलांट्यांना जागा लागते. ठळक रेषा ०.२५, साध्या ०.१३ मिलिमीटर. त्याहून बारीक रेषा झेरॉक्समध्ये तुटतात. प्लॉट स्टाइल 'मोनोक्रोम' घ्या. काळ्या पडद्यावर झकास दिसणारा पिवळा आणि आकाशी रंग पांढऱ्या कागदावर गायब होतो.

हे लेआउट 'डीडब्ल्यूजी टू पीडीएफ' प्लॉटरने पीडीएफ करा. ही पीडीएफ वर्डमध्ये 'इन्सर्ट, ऑब्जेक्ट' करून टाकू नका, तोही जिवंत ऑब्जेक्टच होतो. इंकस्केप या रेषांची चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उघडा आणि तिथून एसव्हीजी किंवा ईएमएफ म्हणून काढा. ऑटोकॅड स्वतः एसव्हीजी देत नाही, म्हणून हा एक वळसा. सोपी केलेली आकृती असूनही ईएमएफचा मूळ आकार दोन-तीन एमबीच्या वर जात असेल तर मी हट्ट सोडतो आणि त्याच पीडीएफमधून पीएनजी काढतो.

मूळ ए-वन ड्रॉइंग हवंच असेल तर ते परिशिष्टात ए-थ्रीवर द्या, पण वर्डमध्ये न आणता. ऑटोकॅडमधून थेट ए-थ्री पीडीएफ करा, पीडीएफच्या पर्यायांत लेयरची माहिती समाविष्ट करण्याची खूण काढा, आणि अहवालाची पीडीएफ तयार झाल्यावर पीडीएफसॅमसारख्या फुकट प्रोग्रॅमने शेवटी जोडा. वर्डमध्ये त्या जागी 'परिशिष्ट ३ पाहा' एवढं पुरे.

आता ठिपक्यांच्या चित्रांचं गणित, ते सोपं आहे. ए-फोर २१ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना २.५४ समास सोडला तर उरतात १५.९२ सेंटिमीटर, म्हणजे ६.२७ इंच. इंचाला ३०० ठिपके हवेत तर १,८८० ठिपके रुंदी लागते, २२० हवेत तर सुमारे १,३८०. पूर्ण रुंदीच्या आकृतीला १,८८० पेक्षा जास्त ठिपके देऊन छपाईत फारसं काही मिळत नाही. १,८८० बाय १,३०० ठिपक्यांची आकृती बीएमपी म्हणून ७.३ एमबी होते. तीच रेषांची आकृती पीएनजीमध्ये बहुधा शंभर ते तीनशे केबीत बसते, आणि रंग कमी असतील तर २५६ रंगांची पीएनजी आणखी खाली येते. रेषांच्या आकृतीला जेपीजी लावू नका. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून दाबते, त्यामुळे अक्षरांच्या कडेला करडी धूळ दिसते. फोटोला मात्र जेपीजीच योग्य.

तुमचे स्क्रीनशॉट पुसट का आले, तेही यातूनच कळतं. १,३६६ ठिपके रुंदीच्या लॅपटॉपवर पूर्ण पडदा घेतला तर पानाच्या रुंदीत इंचाला २१८ ठिपके पडतात, कसंबसं चालतं. पण बाजूचे टूलबार कापून अर्धाच भाग ठेवला आणि तो पानभर ताणला, तर १०९ उरतात. म्हणजे चूक स्क्रीनशॉटच्या कल्पनेत नाही, ठिपके कमी पडण्यात आहे. शिवाय कापलेला भाग वर्ड टाकून देत नाही, तो लपवून ठेवतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' अशी खूण असते, ती केली तरच तो जातो.

दुसरा घात व्हॉट्सॲपवर होतो. इंजिनिअरने आकृती फोटो म्हणून पाठवली की ती जेपीजी होऊन, ठिपके गमावून तुमच्यापर्यंत येते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

जॅकार्डच्या डिझाइनची चित्रं वेगळी वागवावी लागतात. सोलापुरी चादर असो की टॉवेलची बॉर्डर, डिझाइनच्या फाइलमधला एक ठिपका म्हणजे ताणा-बाण्याची एक गाठ. तिथे ठिपका हीच माहिती आहे. वर्डने असं चित्र दाबून इंचाला २२० ठिपक्यांवर आणलं की शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि शुद्ध दोन-चार रंगांच्या जागी पन्नास छटा येतात. विणकर ते पाहून काही सांगू शकणार नाही, आणि गंमत म्हणजे छटा वाढल्यामुळे फाइलही मोठी होते. यासाठी चित्र पूर्ण पटीत वाढवा, दुप्पट, तिप्पट, चौपट, आणि वाढवताना 'निअरेस्ट नेबर' (ठिपके एकमेकांत न मिसळणारी) पद्धत निवडा. ४८० बाय ६०० ठिपक्यांचं डिझाइन चौपट केलं की १,९२० बाय २,४०० होतं. मोजक्या रंगांची पीएनजी म्हणून ते तरीही अगदी लहान राहतं. पण हे टिकायचं असेल तर वर्डची स्वतःची काटछाट बंद हवी.

ती बंद करायची जागा: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, 'इमेज साइज अँड क्वालिटी'. तिथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर खूण करा आणि 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा' वरही. दुसऱ्या खुणेमुळे चित्राला वर्डमध्ये रंग बदलला, मागची बाजू काढली, तर त्याआधीची मूळ प्रत फाइलमध्ये साठून राहत नाही. पहिली खूण केल्यावर प्रत्येक चित्र बाहेरच योग्य मापाचं करून आणण्याची जबाबदारी तुमची. मला तेच बरं वाटतं, कारण वर्डला काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कळू शकत नाही. ही खूण त्या एका अहवालापुरती असते, नव्या फाइलमध्ये पुन्हा करावी लागते.

फोटोंसाठी फार विचार नको. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा असतो. तो ८ सेंटिमीटर रुंद लावायचा तर ७०० ठिपके पुरतात. बाहेरच लहान करा, मग आणा.

व्हिजिओच्या फ्लोचार्टला ईएमएफ उत्तम. हॅच नसतो, आकार मोजके असतात, फाइल लहान राहते. व्हिजिओची फाइलच जड वाटत असेल तर तिच्या 'इन्फो' पानावरून न वापरलेले मास्टर आणि थीम काढता येतात. ड्रॉ-आयओच्या बाबतीत एक हमखास फसणारी जागा आहे. तिथून एसव्हीजी काढून वर्डमध्ये टाकली की अक्षरांऐवजी ही अक्षरं दाखवता येत नाहीत अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते, किंवा अक्षरं विस्कटतात. कारण ड्रॉ-आयओ अक्षरं वेबपानाच्या पद्धतीने एसव्हीजीत ठेवतं आणि वर्डला ती वाचता येत नाहीत. प्रत्येक आकाराच्या मजकुराच्या सेटिंगमध्ये 'फॉर्मॅटेड टेक्स्ट' आणि 'वर्ड रॅप' बंद करा, किंवा पीडीएफ काढून इंकस्केपमधून न्या. घाई असेल तर ३०० टक्के झूमवर पीएनजी. पीएनजी काढताना 'माझ्या आकृतीची प्रत समाविष्ट करा' अशी खूण असते, ती काढा, नाहीतर चित्रात मूळ आकृती लपून जाते. तुमच्या स्वतःच्या साठ्यासाठी मात्र तीच खूण फार उपयोगी आहे.

एसव्हीजी टाकली की वर्ड तिच्यासोबत एक पीएनजीही ठेवतं, जुन्या वर्डमध्ये दिसावं म्हणून. 'मीडिया'मध्ये एकाच आकृतीच्या दोन फायली दिसल्या तर घाबरू नका.

मराठी अक्षरांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इंग्रजीतल्या सूचना वाचून हे कळत नाही. डब्ल्यूएमएफ हा जुना प्रकार युनिकोड जाणत नाही. त्यातून देवनागरी नेली की प्रश्नचिन्हं येतात. ईएमएफमध्ये देवनागरी जाते, पण सोबत फाँट जात नाही, फक्त त्याचं नाव जातं. पलीकडच्या संगणकावर तो फाँट नसेल तर जोडाक्षरं फुटतात, कधी भलतीच अक्षरं दिसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली आकृती असेल तर हे ठरलेलंच. उपाय दोन. इंकस्केपमध्ये अक्षरं निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे अक्षरं रेषा होतात आणि कुठेही तशीच दिसतात. आकार थोडा वाढतो, शोधताना ती सापडत नाहीत, एवढाच तोटा. किंवा ज्या संगणकावर फाँट आहे तिथेच पीडीएफ करून टाका. ऑटोकॅडमध्ये एसएचएक्स या त्याच्या स्वतःच्या जातीच्या फाँटला देवनागरी येत नाही, मंगल किंवा निर्मला यांसारखा ट्रूटाइप घ्या.

लिंक करावं का, हा प्रश्न पुढे येईलच. अहवालावर तीन-चार जण काम करत असतील आणि आकृत्या रोज बदलत असतील तर जरूर करा: 'इन्सर्ट पिक्चर'मध्ये बटणाच्या बाणाखाली 'लिंक टू फाइल' असतं. वर्डची फाइल हलकी राहते, आकृती बदलली की निवडून एफ-नाइन दाबायचं. पण लिंकमध्ये पूर्ण पत्ता साठतो. फोल्डर हलवला, पेनड्राइव्हवर नेला, की चित्राच्या जागी लाल फुली. पाठवण्याआधी फाइल, इन्फो, 'एडिट लिंक्स टू फाइल्स' मध्ये जाऊन सगळ्या चित्रांवर 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट' करा, मग 'ब्रेक लिंक'. एकटेच काम करत असाल तर लिंकच्या भानगडीत पडू नका.

शेवटची पीडीएफ वर्डच्या 'सेव्ह ॲज'मधूनच करा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं तर अनुक्रमणिकेतल्या लिंक आणि बुकमार्क जातात. 'स्टँडर्ड' ठेवा, 'मिनिमम साइज'मध्ये ठिपक्यांची चित्रं पुन्हा दाबली जातात आणि जॅकार्डची मेहनत वाया जाते. आणि कृपा करून अख्खा अहवाल छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करू नका. इतकी मेहनत घेऊन ठेवलेल्या रेषा आणि शोधता येणारा मजकूर त्यात संपतो, फाइल पुन्हा अनेक पट होते. सहीचं पान तेवढं २०० डीपीआयवर (इंचाला २०० ठिपके), करड्या रंगात स्कॅन करा आणि पीडीएफमध्ये त्या जागी बसवा. प्रत्येक पानावर शिक्का हवाच अशी अट असेल तर मजकुराची पानं कृष्णधवल आणि फक्त आकृत्यांची पानं करड्या रंगात स्कॅन करा.

मर्यादेचा हिशेब करताना एक गोष्ट विसरली जाते. मेलमधून जाताना जोडलेली फाइल मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि सुमारे ३५ ते ३७ टक्क्यांनी फुगते. बँकेच्या सर्व्हरची १० एमबीची मर्यादा पूर्ण मेलवर असेल, तर तुमची पीडीएफ सात एमबीच्या आसपासच हवी. २४ आकृत्या सरासरी २०० केबीच्या धरल्या तर ४.८ एमबी. २० फोटो प्रत्येकी ८० केबीचे, म्हणजे १.६. मजकूर आणि फाँट मिळून अर्धा एमबी धरा. बेरीज ६.९ येते, म्हणजे अगदी काठावर. यात परिशिष्टाचे ए-थ्री आराखडे धरलेले नाहीत. ते वेगळ्या मेलने पाठवा आणि दोन्ही मेलच्या विषयात 'भाग १, भाग २' लिहा, मर्यादेशी झटापट करण्यापेक्षा ते सरळ आहे.

मूळ फायलींचं काय? आकृत्या आता अहवालात मेलेली चित्रं आहेत, तेव्हा बदल करायचा तर मूळ सापडलं पाहिजे. अहवालाशेजारी 'मूळ' आणि 'चित्रं' असे दोन फोल्डर ठेवा आणि दोन्हीकडे नाव आकृतीच्या विषयावरून द्या, क्रमांकावरून नको, कारण मध्ये एक आकृती घातली की सगळे क्रमांक सरकतात: 'ईटीपी-प्रवाह.ड्रॉआयओ' आणि 'ईटीपी-प्रवाह.पीएनजी'. तेच नाव वर्डमध्ये चित्रावर राइट-क्लिक करून 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये लिहा. सहा महिन्यांनी बँकेने लूमची संख्या बदलून आराखडा मागितला, तर कोणती फाइल उघडायची हे चित्रावर क्लिक करून कळेल.